चौथ्या फेरीची मुलगी

पहिलं सेमिस्टर संपलं. गेल्या आठवड्यात शेवटचा पेपर देऊन सगळे बाहेर आलो, तेव्हा जो तो म्हणत होता, ‘चार महिने कसे गेले कळलंच नाही.’ मला चांगलं कळलं. माझं सेमिस्टर मुळात त्यांच्याइतकं नव्हतंच. कॉलेज सुरू झालं तेव्हा मी उदगीरला पप्पांच्या दुकानात गल्ल्यामागे मोबाइल धरून बसले होते आणि चौथ्या फेरीची यादी लागायची होती.

ज्यांच्या घरात यंदा बारावीचं कोणी नव्हतं त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिनिअरिंगचे प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतात. सीईटीचा निकाल जूनच्या मध्याला लागतो, त्यामुळे महिनाभरात सगळं उरकेल असं वाटतं. पण नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावरच्या हरकती आणि अंतिम यादी एवढं झाल्यावर कुठे पहिली फेरी. मग प्रत्येक फेरीला पर्याय भरा, जागा लागली का बघा, लागलेली घ्यायची की थांबायचं ते ठरवा, घेतली तर कॉलेजात जाऊन हजर व्हा. 2025 मध्ये या फेऱ्या तीनच्या चार झाल्या. थांबण्यालाही नियम आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, दुसरीत पहिल्या तिनांतलं, तिसरीत पहिल्या सहांतलं. मला दर वेळी यादीच्या तळातलं काहीतरी लागत गेलं आणि आम्ही थांबत गेलो.

आमचं दुकान ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. बेअरिंग घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी माझं पर्सेंटाइल विचारायचा आणि मग सल्ला द्यायचा. ‘थांबा हो, पुढच्या फेरीला कॉम्प्युटर लागतंय बघा.’ त्याच्या मेहुण्याच्या पोराला लागलं होतं म्हणे. पप्पा सगळ्यांना चहा पाजायचे आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. आई एकटीच म्हणायची, ‘आधी पोरीला वर्गात बसू द्या, शाखेचं नंतर बघू.’ आईचं कोणी ऐकलं नाही, मीसुद्धा. शेवटी कॉम्प्युटर लागलं नाही ते नाहीच. लागलं इलेक्ट्रॉनिक्स, पण पुण्यात.

कॅप सोडून दुसऱ्या वाटेने जाणं आम्हाला परवडणारंही नव्हतं. राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये निर्णय काढला. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. या एका निर्णयाने आमच्या भागातल्या किती मुली पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचल्या याचा हिशेब कोणीतरी नीट मांडायला हवा. माझ्या ओळखीतल्या एका घरात भाऊ इंजिनिअरिंगला आणि बहीण गावातच बीएस्सीला असं ठरून गेलं होतं. ती आज नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. अर्थात माफ होते ती फी. राहणं आणि जेवणं कोणी माफ करत नाही. पुण्यात खरा खर्च तोच आहे.

मी घरापासून लांब पहिल्यांदा राहिलेली नाही. दहावीनंतर दोन वर्षं लातूरला ट्यूशन एरियात काढली आहेत. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना कळेल. पहाटेपासून सायकली आणि पाठीवर सॅक, दर आठवड्याला टेस्ट, टेस्टचे मार्क घरच्यांच्या मोबाइलवर. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर आईच्या आठवणीने उशी ओली करणं वगैरे माझ्या बाबतीत घडलं नाही. ते अकरावीतच उरकून घेतलं होतं. मला त्रास झाला तो फक्त उशिरा येण्याचा.

उशिरा येणं म्हणजे काय, ते पहिल्या दिवशी दुपारपर्यंत समजलं. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2017-18 पासून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा स्वागतवर्ग सांगितलेला आहे. अभ्यास सुरू करण्याआधी मुलांनी एकमेकांना, शिक्षकांना आणि शहराला ओळखावं हा त्यामागचा हेतू. कल्पना चांगलीच आहे. आमच्याकडे तो आठवड्याभरात आटोपला असं नंतर ऐकलं. पण आटोपला का होईना, त्यात ओळखी झाल्या, बॅच पाडल्या गेल्या, बाक ठरले. मी वर्गात शिरले तेव्हा सगळ्यांचे बाक ठरलेले होते आणि कुणी कुणाला ‘सरक’ म्हणावं हेही ठरलेलं होतं. तिसऱ्या रांगेत एक जागा मोकळी दिसली. तिथली मुलगी तिसऱ्या फेरीनंतर दुसरीकडे गेली होती. तिचं नाव हजेरीत अजून घेतलं जायचं आणि शेजारची सवयीने ‘गेली सर’ म्हणायची. बरेच दिवस सर माझ्याकडे बघून तिचंच नाव घेत होते.

त्याच संध्याकाळी मला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. ग्रुपवर नव्याने आलेल्याला आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत. ग्रंथालयाचा पासवर्ड, वर्कशॉपच्या अॅप्रनचा रंग, ग्राफिक्सची शीट कुठून घ्यायची, कुठल्या सरांना ‘मे आय कम इन’ म्हटलेलं आवडत नाही, सगळं वर कुठेतरी होतं आणि मला दिसत नव्हतं. विचारलं की उत्तर यायचं, ‘ग्रुपवर टाकलंय बघ.’

राहण्याचंही तेच. कॉलेजचं हॉस्टेल दुसऱ्या फेरीतच भरलं होतं. कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागा मिळाली. तिघींची खोली. खिडकीजवळची कॉट आणि भिंतीजवळची कॉट आधी आलेल्यांनी घेतलेल्या, मला दाराजवळची. प्लग पॉइंट एकच, तो खिडकीजवळ. पहिले काही दिवस मी मोबाइल चार्ज करायला परवानगी मागायचे, नंतर पप्पांनी दुकानातून लांब वायरचा बोर्ड करून पाठवला आणि खोलीत माझी पत वाढली. आता तिघींचे चार्जर त्याच बोर्डावर असतात.

या कर्वेनगरचं एक गंमतशीर वाटतं. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर, झोपडीत आणला. शिकणाऱ्या मुली गावात नकोत अशी तेव्हाची तऱ्हा होती. आज तेच हिंगणं शहराच्या पोटात आहे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत घरोघरी ‘फक्त मुलींसाठी’च्या पाट्या आहेत. इथली निम्मी घरं मुलींच्या भाड्यावर चालत असावीत.

पुण्यात आणखी एक प्रश्न ठरलेला. ‘उदगीर? कुठे आलं ते?’ सुरुवातीला मी ‘लातूरच्या पुढे’ असं सांगायचे. मग एका सीनियर दादाने विचारलं तेव्हा सांगितलं, तुमची सदाशिव पेठ ज्यांच्या नावाची आहे ते सदाशिवरावभाऊ 1760 मध्ये आमच्याकडे येऊन निजामाला हरवून गेले, आणि 2022 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही आमच्याकडे झालं. दादा म्हणाला, ‘बरं बाई, चुकलं.’ तोच पुढे माझ्या फार कामी आला. त्याच्याकडे येतेच.

आधी अभ्यासाचं. पहिल्या वर्षाचा एम-वन, म्हणजे गणित-एक, हा विषय उशिरा येणाऱ्याला माफ करत नाही. मी आले तेव्हा रोलचं प्रमेय, टेलरची श्रेणी, फूरियर हे सगळं होऊन गेलेलं आणि फळ्यावर पार्शल डिफरन्सिएशन चालू. आमच्याकडे मध्यात 30 मार्कांची इनसेम आणि शेवटी 70 मार्कांची एंडसेम. इनसेमला पहिलीच दोन युनिट्स असतात. म्हणजे जो भाग मी वर्गात ऐकलाच नव्हता त्याचीच परीक्षा आधी. लातूरला गाळलेला धडा परत शिकवून घ्यायची सोय होती, पैसे भरलेले असायचे. इथे सर म्हणाले, ‘व्हिडिओ आहेत, बघून घे.’ बघितले. व्हिडिओतला माणूस थांबून विचारत नाही की समजलं का, आणि आपणही त्याला विचारू शकत नाही. इनसेम कशीबशी निघाली.

त्याहून लागलं ते हजेरीचं. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. महिनाअखेरीला डिफॉल्टरची यादी लागली, तीत माझं नाव. मी तर आल्यापासून एक तास चुकवलेला नव्हता. ऑफिसात विचारल्यावर कळलं की हजेरी सत्राच्या पहिल्या दिवसापासून मोजली आहे. म्हणजे ज्या दिवशी कॉलेजात माझा प्रवेशच नव्हता त्या दिवसांची गैरहजेरी माझ्या नावावर. अर्ज लिहिला, त्याला अलॉटमेंट लेटरची झेरॉक्स जोडली, क्लास टीचरची सही, विभागाची सही, मग तो अर्ज ऑफिसच्या ट्रेमध्ये पडला. पुढच्या महिन्याच्या यादीत पुन्हा माझं नाव होतं. आमच्या वर्गातले चौथ्या फेरीचे सगळे त्या यादीत होते. एकमेकांची ओळख आम्हाला तिथेच झाली. यादीखाली उभं राहून आम्ही आमचा एक वेगळा ग्रुप काढला. त्यात पहिल्या दिवसापासूनचे सगळे मेसेज दिसतात.

एकाच ठिकाणी कोणी फेरी विचारली नाही, ते म्हणजे वर्कशॉप. तिथे पहिलं काम फिटिंगचं. लोखंडाच्या पट्टीचे दोन तुकडे हातात देतात. एकात व्हीच्या आकाराची खाच पाडायची, दुसऱ्याला तसंच टोक काढायचं आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे. ऐकायला सोपं आहे. पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, खडू फासून स्क्रायबरने रेघ मारायची, रेघेवर पंचाने ठिपके द्यायचे, हॅक्सॉने जास्तीचं कापायचं आणि मग कानस घेऊन घासत बसायचं. कानस पुढे जाताना दाबायची, मागे आणताना दाब सोडायचा. आम्ही सगळे दोन्हीकडे दाबत होतो. वर्कशॉपचे सर मागे हात बांधून फिरत होते. एकाच्या बाकापाशी थांबून म्हणाले, ‘लोखंड घासतोयस की भांडी?’ सीईटीला वर्गात सगळ्यात जास्त पर्सेंटाइल असलेला मुलगा होता तो.

घासून झालं की गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की अजून घास. काटकोन येता येत नाही. एक कड सरळ करावी तर शेजारची बिघडते. पप्पांच्या दुकानात मी वेगवेगळ्या मापाचे बोल्ट डोळ्यांनी ओळखते, पण त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. तळहाताला फोड आले, निळ्या अॅप्रनवर लोखंडाची काळी पूड बसली. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी दोन तुकडे एकमेकांत सरकले आणि अडकले. सरांनी ते हातात घेतले, हलवून पाहिले, उजेडाकडे धरले. ‘अर्धा मिलिमीटर आहे अजून. पण चालेल.’ एवढं बोलून जर्नलवर सही. लातूरच्या दोन वर्षांत कितीतरी टेस्टांत आउट ऑफ मार्क मिळाले असतील, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्या तुकड्यांना कोणता पर्याय योग्य हे विचारलेलं नसतं, एवढाच फरक असावा.

मेसबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात आटपते. फुलके मऊ असतात, भाजी गोड असते, रविवारी रात्री मेस बंद. गावी जाताना आधी सांगितलं तर खाडा धरतात, नाही सांगितलं तर पैसे गेले. उदगीरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी येते ती सकाळी आणायला जावं लागतं आणि नऊपर्यंत संपलेली असते. खोलीतल्या दोघींपैकी एक कोल्हापूरची आहे. आमची चटणी तिखट नाही असं तिचं म्हणणं. राहू दे.

आता सीनियर. प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून आणि पालकांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात. महाराष्ट्रात 1999 पासून याचा कायदा आहे आणि तो हवाच. मी सीनियरांना जरा घाबरूनच होते. पण सेमिस्टरभर ज्यांनी मला हात दिला ते सगळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे निघाले. सदाशिव पेठेवाल्या दादाने आपली एम-वनची वही आणून दिली, वर म्हणाला, ‘पान बत्तीसचं उदाहरण येतंच.’ आलं. मेकॅनिक्सचं जर्नल एका ताईने दिलं. ग्राफिक्सच्या शीटवर प्रोजेक्शनची रेघ कुठून कुठे न्यायची हे तिनेच कॅन्टीनच्या टेबलावर बसून दाखवलं, चहाचा कप बाजूला सारून. तिला मी विचारलं, तुला एवढा वेळ कसा. ती म्हणाली, ‘मी पण शेवटच्या फेरीची होते.’

सबमिशनच्या आठवड्यात उशिरा येण्याची किंमत कळते. मी येण्याआधी झालेले प्रयोग माझ्या जर्नलमध्ये असायलाच हवेत, नाहीतर टर्मवर्कचे मार्क जातात. प्रयोग परत लावून द्यायला लॅबला वेळ नाही. मग रीडिंग कुठून येणार? दुसऱ्याच्या जर्नलमधून. शिक्षकांना माहीत असतं, लॅब असिस्टंटना माहीत असतं, सही होते. मला हे बरोबर वाटत नाही. ज्या मीटरला मी हात लावला नाही त्याचं रीडिंग माझ्या अक्षरात लिहून कोणाचं काय शिकणं होतं? दोन शनिवार लॅब उघडी ठेवली असती तर आम्ही आनंदाने आलो असतो.

नाटकाचं मात्र राहून गेलं. पुण्यात कॉलेजला यायचं म्हणजे पुरुषोत्तम करंडक, हे मी लातूरला असल्यापासून ऐकत होते. ही एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडक कोणालाच दिला नव्हता. एवढा दरारा असलेली दुसरी स्पर्धा मला माहीत नाही. पण तिची तयारी पावसाळ्यात होते. मी आले तेव्हा आमच्या कॉलेजची टीम ठरून गेलेली होती. पास मिळवून प्रयोग बघितला, टाळ्या वाजवल्या, घसा बसेपर्यंत ओरडले. आता फिरोदिया करंडक आहे. त्यात नाटकाबरोबर चित्र, रांगोळी, वाद्यं असं सगळं रंगमंचावर लागतं, म्हणजे हात जास्त हवेत. तालमीला जायला लागले आहे. सध्या काम सेट रंगवायचं आणि चहा आणायचं. कानस चालवून हात तयार झालेत, प्लायवूड काहीच नाही.

आता कोणी म्हणेल, उशीर तुम्हीच केलात, तिसऱ्या फेरीत जे लागलं होतं ते घेतलं असतं तर? खरं आहे. पण चौथी फेरी सरकारने ठेवली आहे आणि त्या फेरीत येणारी मुलं नियमानेच येतात. फेऱ्या वाढवल्या याचं मला वाईट वाटत नाही. चौथी फेरी नसती तर मी पुण्यात नसते. वाईट याचं वाटतं की फेरी वाढली आणि कॉलेजचं वेळापत्रक मात्र तीच जुनी तारीख धरून बसलं. आणि शेवटच्या फेऱ्यांत येणाऱ्यांत माझ्यासारख्या लांबून येणाऱ्या, घरात आधी कोणी इंजिनिअरिंगला न गेलेल्या मुली मला बऱ्याच दिसल्या. पर्याय कसे भरायचे हे सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. दुकानातली गिऱ्हाइकं होती.

म्हणून प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना विनंती आहे. हजेरी सत्राच्या नाही, प्रवेशाच्या तारखेपासून मोजा. त्यासाठी अर्ज, झेरॉक्स आणि सह्या मागू नका, प्रवेशाची तारीख तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे. शेवटच्या फेरीची मुलं आली की त्यांच्यासाठी एक दिवस काढा. भाषणं नकोत. पासवर्ड, बॅच, ग्रंथालयाचं कार्ड आणि झालेल्या युनिटांच्या नोट्स एका जागी द्या. राहिलेले प्रयोग शनिवारी करू द्या. खर्च जवळपास काहीच नाही. पुढची सीईटी तोंडावर आली आहे आणि तिच्यामागून पुन्हा फेऱ्या येणारच आहेत. त्याआधी एवढं ठरवून टाका.